युसूफ मिस्त्रींचे चार डबे

युसूफ मिस्त्रींनी एखाद्या गाडीचं बॉनेट उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. कुणी इंजिनाबद्दल बोलायला लागलं की ते हात आडवा करायचे. "वरचं मला सांगू नका. म्या कमरेखालचा डॉक्टर हाय." धुरे, चाकं, ब्रेक, कमानपाटे एवढाच त्यांचा प्रांत. इंजिन बिघडलं असेल तर गिऱ्हाइकाला ते रस्त्यापलीकडच्या गॅरेजात पाठवायचे आणि वर निरोप द्यायचे, "त्याला सांगा, खाली हात लावायचा न्हाय."

धाराशिवात तुळजापूर रस्त्याला माझं बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. नवऱ्याला नोकरी होती, दिराला गोडी नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि राहिलं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींचं गॅरेज होतं. दोन्हींच्या मधल्या भिंतीतल्या दोन विटा मिस्त्रींनी मला न विचारता काढल्या होत्या. त्या भोकातून ग्रीसने काळा झालेला एक हात यायचा, तळव्यावर झिजलेलं बेअरिंग असायचं. मी ते उचलून तसंच नवं ठेवायचं, हात आत जायचा. सासऱ्यांना हे आवडत नसे. "दुकानाला पुढून दार आहे," असं ते म्हणायचे. मला सोयीचं वाटलं, मी विटा बसवल्या नाहीत.

मिस्त्रींचं पोट मोठं होतं. गाडीखाली फळीवरून सरकणं त्यांना जमत नसे, म्हणून शेडच्या मधोमध त्यांनी एक खड्डा खणून घेतला होता आणि त्यात लाकडी स्टूल टाकलं होतं. गाडी खड्ड्यावर आणून उभी करायची आणि ते खाली स्टुलावर बसून काम करायचे. रस्त्यावरून बघणाऱ्याला जमिनीच्या पातळीवर जाळीची पांढरी टोपी घातलेलं डोकं तेवढं दिसायचं. गिऱ्हाइकाशी बोलणं तिथूनच. त्यामुळे ते माणसं चपलांवरून ओळखायचे. मी चप्पल बदलली की एक-दोन दिवस "कोण हाय?" असं विचारायचे.

गॅरेजचे नियम कडक होते. गाडीखालचा चिखल मालकानं स्वतः धुवायचा. पाइप आणि खरारा मिस्त्री देणार, हात मालकाचे. एकदा पांढऱ्या कपड्यातला एक ठेकेदार आला. त्याच्या गाडीच्या धुऱ्याला काळ्या मातीचे ढेपे लागलेले होते.

"मिस्त्री, पोराला सांगा की धुवायला."

"पोरगं न्हाय माझ्याकडं."

"मग तुम्ही धुवा, धुलाई वेगळी लावा."

"माती तुमच्या शिवारातली, ती म्या का काढू?" खड्ड्यातलं डोकं म्हणालं. "आन तुमीच काढली तर तुमाला दिसंल कुठं काय झिजलंय. मग बोलताना आवाज खाली ऱ्हातो."

ठेकेदार रागारागानं निघून गेला. दुसऱ्या दिवशी लुंगी घेऊन आला.

गाडी देतानाही असंच. प्रत्येक चाकाचा शेवटचा नट मालकानं आवळायचा. बायका असल्या तर बायकांनी. पाना हातात देऊन मिस्त्री बाजूला उभे राहायचे. मग नारळ आणि चाकांपुढे चार लिंबं. लिंबं चिरडून गाडी बाहेर पडली की काम संपलं. मुसलमानाच्या गॅरेजात नारळ कसा, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "नारळ माझ्यासाठी न्हाय, गाडीसाठी हाय. गाडीला कुठं जात असती." नारळ ते स्वतः फोडत नसत. ते गिऱ्हाइकाचं काम.

आणि एक सवय. चूक झाली असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. चाक लागलं तरी थरथरतंय, ब्रेक एका बाजूला ओढतोय, काहीही सांगा, उत्तर ठरलेलं होतं. "त्येला कारण हाय." कारण काय ते सांगायचे नाहीत. गाडी परत खड्ड्यावर घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत नीट करून द्यायचे. पण मधे "चुकलं" हा शब्द यायचा नाही.

या माणसाला खड्ड्यातून वर यायला लावणारं एकच माणूस होतं. त्यांची थोरली बहीण, हलीमाआपा. माकणीच्या बाजूला धरणाच्या पाण्याजवळ तिची शेती आणि शेतातच वस्ती. तूर, सोयाबीन, चार म्हशी. बाई हडकुळी, आवाज मोठा. ती शेडच्या दारात उभी राहिली की मिस्त्री शिडीवरून वर येऊन उभे राहायचे, आणि ती बसा म्हणेपर्यंत बसायचे नाहीत. आपाला ते कारण सांगायला जायचे आणि ती मधेच तोडायची, "कारण तुझ्या खिशात ठेव."

आपाच्या नवऱ्याला सगळे दाजी म्हणत, मीही म्हणायचे. दाजींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा उमरग्याला डायलिसिस. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर बांधाची वाट, निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात प्रश्न नव्हता. आपाकडे एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप होती, ती डांबरापर्यंत यायची, तिथून भाड्याची ओम्नी. पावसाळ्यात मात्र ट्रॅक्टरांनी वाटेवर गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडलेल्या असायच्या. मागच्या पावसाळ्यात जीप त्या चाकोऱ्यांत मधेच टेकली आणि दाजींची डायलिसिसची एक पाळी चुकली. त्यांच्या अंगात पाणी चढलं, श्वास लागला. शेवटी ट्रॉलीत गादी टाकून, वर प्लास्टिक धरून नेलं. त्या हिसक्यांनी ते आणखी खचले.

त्यानंतर पुण्याहून दोन्ही मुलं आली आणि ठरवून गेली. पुन्हा एक पाळी चुकली की म्हशी विकायच्या, वस्तीला कुलूप घालायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं. आपानं शब्द दिला. हे तिनं मला दुकानात बसून सांगितलं, चहा न घेता. "पुण्यात पोराच्या दोन खोल्या हायती. एकीत ह्ये दिवसभर झोपतेल, दुसरीत म्या काय करू? खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसती." मग म्हणाली, "युसूफ म्हणतोय, म्या करतो. बघू काय करतोय."

मिस्त्रींनी आधी नेहमीचे उपाय केले. जीपला जाड पाटे घातले, जीप उंच झाली. आपानं चिखलात घातली, ती पुन्हा टेकली. का, ते मिस्त्रींनी मला नंतर समजावलं. दोन चाकांच्या मधून जो आडवा धुरा जातो, त्याच्या मध्यावर लोखंडाचा मोठा गोळा असतो. पाटे उंच केले की गाडीचं अंग वर जातं, गोळा तिथंच राहतो. चाकोऱ्या खोल झाल्या की मधल्या उंचवट्यावर गोळा बसतो आणि चाकं नुसती फिरत राहतात.

त्याच सुमारास पुण्याच्या हौशी लोकांची एक जीप येडशीजवळ बंद पडली आणि ओढत मिस्त्रींकडे आणली गेली. डोंगर-दगडांत गाड्या घालायचा या लोकांना नाद असतो. दुखणं साधं होतं, ब्रेकचं. पण त्या जीपच्या चारही चाकांच्या आतल्या बाजूला एकेक लोखंडी डबा होता, आणि तिचं पोट एवढं उंच होतं की मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा खड्ड्याशिवाय एखाद्या गाडीखाली मावले. दिवसभर ते तिच्याखाली पडून राहिले. गाडीचा मालक चहा पिऊन, जेवून, झोपून उठला तरी ते तिथंच.

"डबा उघडून बघू का?" त्यांनी विचारलं.

"नको हो, बाहेरून आणलेत. सील तुटलं तर वॉरंटी जाईल."

"बरं. उघडायची तशी गरज न्हाय."

गाडी गेल्यावर विटांच्या भोकातून हात आला नाही, मिस्त्री स्वतः पुढच्या दारानं आले. माझ्या काउंटरवरची दोन मोठी बेअरिंगं त्यांनी एकावर एक उभी धरली. "वैनी, ही वरची म्हंजी धुरा. धुरा डब्यात वरनं घुसतो. आत दातेरी चाक. ते खालच्या दातेरी चाकाला फिरवतं, आन गाडीचं चाक ह्या खालच्याला. चाक जमिनीवर, धुरा वीतभर वर. गाडी उंच करायचीच न्हाय, पोट उंच करायचं."

हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभत नव्हतं, पण मुद्दा मला पटला. मी एवढंच विचारलं की अशी बदललेली गाडी रस्त्यावर चालेल का. "डांबराला लावणारच न्हाय तिला," ते म्हणाले. "वस्ती ते डांबर. पुढं ओम्नी."

डबे त्यांनी जाड पत्र्याचे, स्वतः वेल्डिंग करून बनवले. दातेरी चाकं सोलापूरच्या एका वर्कशॉपमधून कापून आणली. बेअरिंगं आणि सीलं माझ्याकडून. पुढच्या दोन डब्यांनी फार त्रास दिला, कारण पुढची चाकं वळतात, आणि डब्यानं चाकाबरोबर वळायला पाहिजे. दोनदा बसवले, दोनदा काढले. ब्रेक खाली आणून लावले. त्या काळात दुसऱ्या गाड्यांना त्यांनी हात लावला नाही. खड्ड्यावर एकच जीप, हळूहळू लांब पायांची होत चाललेली. मृगाच्या आत व्हायचं काम श्रावणात झालं. तोवरचा पाऊस बेताचा होता, म्हणून आपाची वाट कशीबशी तगली होती, दाजींना बैलगाडीतून डांबरापर्यंत आणता येत होतं.

उघडीप बघून त्यांनी गाडी बाहेर काढायची ठरवली. आपा आली, दाजींना घरी ठेवून. नारळ फोडायला बाहेरचं गिऱ्हाईक नाही, घरचंच, म्हणून मिस्त्रींनी मला बोलावलं. मी माझी स्कूटर नेहमीच्या जागी, शेडच्या आत मागच्या भिंतीला लावली होती. नारळ फोडला. चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. शेवटचे नट आपानं आवळले, चारही, आणि प्रत्येकाला पान्यावर पाय देऊन. मिस्त्री टोपी नीट करून जीपमध्ये चढले. चढायला त्यांना आता पायरी लागत होती.

पहिला गिअर टाकून त्यांनी क्लच सोडला आणि जीप मागे गेली.

धक्का, पत्र्याचा आवाज. माझी स्कूटर भिंत आणि जीप यांच्यामध्ये उभीच होती, फक्त आता अर्धी होती. मिस्त्री समोर बघत बसले होते. चार लिंबं जागेवर होती.

दोन दातेरी चाकं एकमेकाला लागली की दुसरं उलटं फिरतं, हे कुणालाही माहीत असतं. मिस्त्रींना माहीत होतंच. पुण्याच्या डब्यात मधे फिरणं परत सुलटं करणारं तिसरं चाक असणार, तेवढं त्यांनी धरलं नव्हतं. झाकण उघडलंच नव्हतं. सोलापूरवाल्यानं जे सांगितलं ते कापलं, मी जे मागितलं ते दिलं.

"त्येला कारण हाय," मिस्त्री जीपमधूनच म्हणाले.

"आगे जाना है ना रे, युसूफ?" आपा म्हणाली.

"हौ आपा. जाते ना." त्यांनी दांडा ओढून रिव्हर्समध्ये टाकला. जीप पुढे निघाली, चारही लिंबं चिरडली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. "गेली की," ते म्हणाले. "चिखलात जोर लागतो. रिव्हर्ससारखा जोर कुठल्या गिअरला हाय सांगा. एक फुडं जायला, चार मागं यायला. चिखलात अजून काय पायजे?"

रस्त्यापलीकडच्या गॅरेजातली माणसं बघायला आली होती. एकजण म्हणाला, "मिस्त्री, आरसा मोठा बसवा." कुणी हसलं. आपा हसली नाही.

"उलट्या गाडीत म्या ह्यांना बसवणार न्हाय," ती म्हणाली. "तू एक दिवस नसलास आन दुसरं कुणी बसलं, तर धरणात नेईल. सुलटी करून दे. न्हायतर पुण्याला फोन करते."

मला ती म्हणाली, "स्कूटरचं त्याच्याकडून घ्या," आणि बस गाठायला निघून गेली.

सुलटी करायचा उपाय होता. दोन्ही धुरे काढून, अख्खे उलटे करून परत बसवायचे, म्हणजे गोळ्यातलं मोठं दातेरी चाक दुसऱ्या बाजूला येतं आणि फिरणं पालटतं. मिस्त्रींनी हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या भोकातून सांगितलं. तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज. पाट्यांच्या बैठका नव्यानं वेल्ड करायच्या, तेलाची भोकं बुजवून दुसरीकडे पाडायची. पंधरवड्याचं काम. चुकलं असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत.

पण पंधरवडा मिळाला नाही. गौरी-गणपतीत झड लागली. धरणाच्या बाजूला तर उघडीपच नाही. तिसऱ्या दिवशी आपाची वाट बंद झाली, चौथ्या दिवशी दाजींची पाळी होती. मिस्त्रींनी मला काही सांगितलं नाही. शेडला कुलूप दिसलं तेवढंच. नंतर कळलं की जीप तशीच, उलटी, टेम्पोवर चढवून ते माकणीच्या रस्त्याला लागले होते.

संध्याकाळी फोन आला. "वैनी, पुढच्या डाव्या डब्याचं सील गळायलंय. म्या वस्तीवर आलोय. सकाळला डांबरापतूर तेल टिकंल, माघारी येताना न्हाय टिकायचं. दोन सीलं घिऊन येता का? डांबरावर थांबा, म्या येतो." आपाला त्यांनी कसं पटवलं, ते विचारायला मला सुचलं नाही.

स्कूटर नव्हती. सकाळच्या बसनं मी गेले आणि वाट डांबराला मिळते तिथं उतरले. ओम्नीवाला आधीच थांबला होता, दार उघडं ठेवून तंबाखू मळत.

"कुणाची वाट बघायलाव?"

"जीपची."

"येत न्हाय बघा ती. काल ट्रॅक्टर आडवा झालाय तितं." त्यानं लांब तुरीकडे हात केला. "तीन माणसं लागली काढायला."

पाऊस थांबला होता. बराच वेळ काही दिसलं नाही. मग तुरीच्या वर एक ताडपत्री दिसली, इतकी सावकाश की ती हलतेय हे कळायला वेळ लागला. जीप पुढे आली तेव्हा चाकं अर्धी चिखलात होती आणि मधला उंचवटा तिच्या पोटाखालून चालला होता. न लागता. आडव्या झालेल्या ट्रॅक्टरनं केलेल्या खड्ड्याशी ती कलली, थांबली, आवाज वाढला, आणि वर आली. ओम्नीवाल्यानं तंबाखू तोंडात टाकायची थांबवली.

दाजी पुढच्या सीटवर होते, शालीनं सीटला बांधलेले. चेहरा सुजलेला, पण डोळे ठीक. त्यांना उतरवताना ते मला म्हणाले, "वैनी, ह्या गड्यानं मला सबंद वाट रिव्हर्समदी आणलंय."

"गप बसा," आपा म्हणाली.

"माझ्या लग्नात बी ह्यो असाच आला हुता. तोंड एकीकडं, जाणं एकीकडं."

आपानं त्यांना ओम्नीत आडवं केलं, उशी दिली. मग तिथंच उभं राहून पुण्याला फोन लावला. "हां. डांबरावर हावं. चाललो. पाळी चुकली न्हाय." पलीकडून काहीतरी बराच वेळ बोललं गेलं. तिनं ऐकलं. "न्हाय म्हणले की. म्हशींची चिंता तू करू नको." फोन बंद करून ती भावाकडे वळली. "सील गळतंय ते बघ. वैनी किती लांबून आल्यात." आणि ओम्नीत बसली.

मी सीलं दिली. मिस्त्रींनी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून चाक काढलं, सील बदललं, तेल भरलं. मी पाना धरला. "सुलटी कधी करणार आता?" मी विचारलं.

"पावसाळा जाऊ द्या."

पावसाळा गेला, दुसरा आला. त्यांनी केली नाही. ती जीप चालवणं दुसऱ्या कुणालाच जमेना. आपाचा धाकटा मुलगा पुण्याहून आला होता तेव्हा त्यानं बसून बघितलं, तो तुरीत गेला. म्हणून दर पाळीला मिस्त्री लागायचे, आणि धाराशिवहून दर पाळीला जाणं शक्य नव्हतं. ते वस्तीवरच राहिले. शेडचं भाडं थकायच्या आत त्यांनी फोनवरूनच ती सोडली, सामान टेम्पोवाला घेऊन गेला. खड्डा बुजवून तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. सील लागलं की त्यांचा फोन येतो, मी लोहाऱ्याच्या बसच्या कंडक्टरकडे पुडकं देते. वस्तीला अजून कुलूप लागलेलं नाही, एवढं मला त्यावरून कळतं. त्यांनी गाडी मुद्दाम उलटी ठेवली, असं आपाचं म्हणणं. असेल. मी विचारलं तर कारण आहे म्हणतील.

डांबरावरच्या त्या सकाळनंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या दिवशी म्हशींना पाणी दाखवायचं होतं आणि दुपारी पुन्हा डांबरावर यायचं होतं, म्हणून ते लगेच निघाले. बांध अरुंद, जीप वळवायला जागा नव्हती, आणि वळवायची गरजही नव्हती. पहिला गिअर टाकून ते मागे निघाले. मान वळवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून. येताना पाऊल-पाऊल आलेली जीप जाताना बरी पळत होती, तोंड माझ्याकडे ठेवून. त्यांनी एकदाही पुढे बघितलं नाही. दुसरा गिअर पडल्याचा आवाज आला, आणि तुरीच्या आड जाता जाता तिसरा.